कुणाचं उत्तर कुणाच्या नावावर

शिरूर अनंतपाळहून सविताचा फोन आला तेव्हा मी ब्लड बँकेच्या काउंटरमागेच बसले होते. शेखभाईंनी स्पीकर चालू केला.

"शेखभाई, फ्रीज दोनदा बघितला. ओ निगेटिव्हची एकबी पिशवी न्हाई. पेशंटचा भाऊ समोर उभा हाय. काय सांगू त्याला?"

शेखभाई लातूरच्या या खासगी ब्लड बँकेतले सीनियर टेक्निशियन. सविता शिरूरच्या स्टोरेज सेंटरला. स्टोरेज सेंटर म्हणजे गावच्या छोट्या हॉस्पिटलात ठेवलेला रक्ताच्या पिशव्यांचा एक फ्रीज आणि त्याची नोंद ठेवणारा एक कॉम्प्युटर. किल्लारीपासून नांदेडकडच्या हदगावपर्यंत अशी अकरा सेंटर्स बँकेला जोडलेली होती. त्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारी मी. सगळ्या सेंटर्सचा साठा दाखवणारी नवीन स्क्रीन सुरू होऊन चार दिवस झाले होते, म्हणून कसं चाललंय ते बघायला आले होते.

स्क्रीनवर स्पष्ट दिसलं होतं: शिरूर अनंतपाळ, ओ निगेटिव्ह, दोन. त्या आकड्यावर विसंबून बँकेची गाडी पेशंटच्या भावाला घेऊन शिरूरला गेली होती. इकडे शहरातल्या एका हॉस्पिटलात त्याच्या बहिणीचं सिझेरियन थांबलं होतं. तिची वार, म्हणजे बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती गादी, गर्भाशयात खाली होती, रक्तस्राव होण्याची भीती होती. दोन पिशव्या हातात आल्याशिवाय सर्जन सुरुवात करणार नव्हते. शहरातल्या बाकी बँकांत विचारून झालं होतं.

बँकेचे मालक डॉ. बिरादार केबिनमधून बाहेर आले. "सविता, तिथं एंट्री कोण करतं?"

"मीच करते, सर."

"मग हे दोन आले कुठून? कुणाचा तरी जीव अडकलाय इथं. एवढंही नीट करता येत नसेल तर सांगा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "एंट्री चुकली असेल, सर." न तपासता म्हणाले.

आता थोडं कामाचं सांगते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अकरा सेंटर्सना एकापाठोपाठ एक विचारलं जायचं. पहिल्याचं उत्तर आलं की दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. गावाकडचं नेट कसं असतं ते वेगळं सांगायला नको. एखादं सेंटर बंद असलं की बाकीची सगळी त्याच्यामागे अडून राहायची. पूर्ण यादी यायला कधी कधी चार मिनिटं लागायची. डॉक्टरांचं म्हणणं होतं, "वैशाली, एवढ्या वेळात माणूस फोन करून विचारेल."

म्हणून मी एक लायब्ररी वापरली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, जो आपण आपल्या कामाला जोडून घेतो. या लायब्ररीत एकाच वेळी अनेक ट्रान्सफर, म्हणजे प्रश्न पाठवून उत्तर आणायची कामं, चालवता येतात. अकरा टेलिफोन एकदम लावल्यासारखं. ज्याचं उत्तर आधी येईल ते आधी घ्यायचं, कुणी कुणासाठी थांबायचं नाही. चार मिनिटांचं काम पाच-सहा सेकंदांवर आलं. डॉक्टर खूश होते. मीही होते.

त्या दुपारी मी लातूरहून शिरूरचा कॉम्प्युटर उघडून बघितला. सविताची नोंद शून्य होती. सकाळचीही शून्य, कालचीही शून्य. ती बरोबर होती. मग आमच्या स्क्रीनवर दोन कुठून आले? मी स्क्रीन रिफ्रेश केली. शिरूरसमोर आता शून्य होतं, आणि निलंग्याच्या सेंटरसमोर दोन.

पुन्हा रिफ्रेश केली. आता दोन पिशव्या उदगीरला होत्या.

पिशव्या अशा गावं बदलत नाहीत. मी काय करून ठेवलंय ते मला तिथल्या तिथे कळलं.

लायब्ररी "एक उत्तर आलं" असं सांगते. कुणाचं आलं ते आपण तिला विचारायचं असतं. मी विचारलंच नव्हतं. ज्या क्रमानं प्रश्न पाठवले त्याच क्रमानं उत्तरं येतील असं धरून चालले होते. उत्तरात रक्तगट आणि संख्या होती, सेंटरचं नाव नव्हतं. माझ्या ऑफिसात टेस्टिंग करताना सगळी उत्तरं एकाच मशीनवरून, ओळीनं यायची. तिथं सगळं जुळत होतं. खऱ्या नेटवर ज्याची लाइन जलद त्याचं उत्तर आधी, आणि मी ते यादीतल्या पहिल्या नावासमोर मांडत होते. चार दिवस हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण नेहमीचे गट लातूरच्या फ्रीजमध्येच मिळतात. बाहेरच्या सेंटरवर गाडी पाठवायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली.

"शेखभाई, या स्क्रीनवर काहीच खरं नाही. सगळ्या सेंटरला फोन करा," मी म्हणाले.

त्यांनी लगेच वही काढली आणि फोन लावायला लागले. मी लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरनं स्वतः ठेवलेली कामाची नोंद, उघडून ते दोन कुठून आले ते शोधायला बसले. त्यांना माझ्याआधी सापडलं.

"किल्लारीला हायत, मॅडम. दोन. मी तिथल्या टेक्निशियनला पिशव्या हातात घेऊन नंबर वाचायला लावले."

किल्लारी म्हणजे शिरूरपेक्षा भलत्याच दिशेला. तिथल्या टेक्निशियननं पिशव्या बर्फाच्या डब्यात घालून एका ओळखीच्या जीपवाल्याबरोबर निघायचं ठरवलं. मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, सविताची एंट्री बरोबर आहे. चूक माझ्या कोडमध्ये आहे."

"नक्की?"

"नक्की. चारही दिवस चूक होती."

ते खुर्चीतून उठले. "मी तिला स्पीकरवर बोललो. सगळ्यांनी ऐकलं."

"हो."

"मग स्पीकरवरच फोन लावा."

काउंटरवर येऊन आम्ही फोन लावला. आधी ते बोलले, मग मी. सविता म्हणाली, "राहू द्या, मॅडम. मी तिसऱ्यांदा फ्रीज उघडून बघत होते. मलाच वाटाया लागलं, माझंच काहीतरी चुकलं."

शिरूरहून रिकामी गाडी परत आली. पेशंटचा भाऊ काउंटरला आला. राग धरण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती. "पिशव्या आल्या का?" एवढंच विचारलं. आल्या नव्हत्या. मी त्याला चूक कुणाची ते सांगितलं. त्यानं मान हलवली आणि दाराशी जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला. वीस मिनिटांनी जीप आली. क्रॉसमॅच करायला, म्हणजे दात्याचं आणि पेशंटचं रक्त जुळतं का ते बघायला, आणखी पाऊण तास गेला. सिझेरियन दोन तास उशिरा झालं. एक पिशवी लागली. मुलगी झाली, आई सुखरूप राहिली. त्या दोन तासांत रक्तस्राव सुरू झाला नाही, यात माझं काही कर्तृत्व नव्हतं.

दुरुस्ती दहा ओळींची होती. आता प्रत्येक ट्रान्सफर सुरू करतानाच तिला सेंटरचं नाव जोडलेलं असतं, आणि उत्तर आलं की तेच नाव वाचलं जातं. सेंटरही उत्तरात स्वतःचं नाव पाठवतं. दोन्ही नावं जुळली नाहीत तर आकडा दिसतच नाही. आठ सेकंदांत उत्तर आलं नाही तर शून्याऐवजी "उत्तर नाही" असं दिसतं. आणि गाडी निघण्याआधी फोन करून पिशवीचा नंबर वाचून घ्यायचा, हा शेखभाईंनी घातलेला नियम आहे. तो मी सॉफ्टवेअरमध्येही टाकला. नंबर भरल्याशिवाय गाडीची चिठ्ठी निघत नाही.

आता कुणी मला एकदम अनेक कामं चालवणारा कोड तपासायला दिला तर तो किती जलद आहे हे मी शेवटी बघते. आधी विचारते, हे उत्तर कुणाचं हे तुम्हाला कशावरून कळलं? "क्रमावरून" असं कुणी म्हणालं, तर मी पुढचं वाचत नाही.