भिंतीवरचं रीडिंग

बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरचा परीक्षक म्हणून गेलं की आधी खायला घालतात, एवढं लखनौत पंधरा वर्षं रसायनशास्त्र शिकवून मला पाठ झालं आहे. तरी चिनहटच्या पलीकडच्या त्या मुलींच्या शाळेत माझी बडदास्त थेट प्रयोगशाळेतच ठेवलेली पाहून मी चरकलो. एका टेबलावर ब्युरेटी उभ्या, शेजारच्या टेबलावर समोसे, जलेबी, दही, आणि मधे गॅसची शेगडी. शाळेत शेगडी ती एकच. तिच्यावर मुलींचं ऑक्झॅलिक आम्लही गरम व्हायचं आणि परीक्षकाचे समोसेही तळले जायचे.

"सर, पहले नाश्ता," रसायनशास्त्राच्या बाई म्हणाल्या. "प्रैक्टिकल तो हो ही जाएगा।"

ते झालेलंच होतं. छत्तीस मुली आपापल्या कोरड्या ब्युरेटपुढे हात बांधून उभ्या होत्या आणि फायली काठोकाठ भरलेल्या होत्या. बाईंनी गुणांची यादीसुद्धा पेन्सिलनं तयार ठेवली होती. मी तिच्यावरून फक्त पेन फिरवायचं होतं.

सकाळी सरोजिनी नगरहून निघताना बायकोनं बजावलंच होतं, "तिथे जाऊन नाकानं कांदे सोलू नकोस. सही कर आणि घरी ये." बायको बँकेत आहे, सहीची किंमत तिला कळते. मलाही कळते. पण फाइल हातात आली की ती वाचायची वाईट खोड मला आहे.

प्रयोग साधा होता. जांभळं पोटॅशियम परमँगनेट ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या उभ्या काचेच्या नळीत, भरायचं. खाली गरम आम्ल ठेवून त्यात ते थेंबथेंब सोडायचं. फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं आणि किती मिलिलिटर लागलं ते लिहायचं. पहिल्या मुलीला नऊ पूर्णांक सहा लागलं होतं. दुसरीलाही. दहाव्या फायलीनंतर मी फक्त हस्ताक्षरं बघायला लागलो, कारण तेवढीच काय ती वेगळी होती.

"सगळ्यांना अगदी नऊ पूर्णांक सहा?" मी हिंदीत विचारलं.

बाईंनी अभिमानानं भिंतीवरचा पडदा बाजूला केला. मागे ऑइलपेंटनं सगळा प्रयोग रंगवलेला होता, आणि खाली ठसठशीत अक्षरांत रीडिंग: ९.६. पेंटरनं त्याच्याभोवती वेलबुट्टीही काढली होती.

"बहुत पहले एक एग्ज़ामिनर साहब इसी रीडिंग पर ख़ुश होकर गए थे। तब से पेंट करवा लिया," बाई म्हणाल्या आणि पडदा परत ओढून घेतला. "आज परीक्षा है न सर, इसलिए ढका हुआ है।"

पस्तीस फायली अशा. छत्तिसावीत मात्र तिन्ही वेळा बारा पूर्णांक चार लिहिलेलं होतं. यादीत सगळ्यांना तीसपैकी अठ्ठावीस गुण होते आणि या एका मुलीपुढे सोळा.

बाईंनी आवाज खाली आणला. "लड़की अच्छी है सर। बस, ज़िद्दी है। कल अकेली रुककर सच में करके देख लिया।"

मुलगी कोपऱ्यात उभी होती. किडकिडीत, चष्म्याची काडी चिकटपट्टीनं जोडलेली. बाईंनीच मला पुढचं सांगितलं. पहिला वर्ग आला तर बी.एस्सी., नाही आला तर शिक्षण बंद, असं तिच्या घरी ठरलं होतं. बाकीच्या विषयांत ती अगदी काठावर होती आणि या सोळा गुणांनी तिचा पहिला वर्ग जाणार होता. बाई काही दुष्ट नव्हत्या, सांगताना त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. "मगर मैं भी क्या करूँ, बारह चार को नंबर कैसे दूँ?"

"सोल्यूशन कुणी बनवलं?"

"मैंने ही, सर।"

"किती ग्रॅम घेतले होते?"

"अंदाज़ से," त्या म्हणाल्या, आमटीत मीठ टाकतो तसा हात करून.

मग मला चेव आला. मी मनगटावरचं घड्याळ काढलं, बाह्या सारल्या आणि जाहीर केलं की मी स्वतः हा प्रयोग करून दाखवतो, म्हणजे खरं काय ते सगळ्यांना कळेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण खरं सांगायचं तर ब्युरेट मी शेवटची कधी भरली होती ते मला आठवत नव्हतं. आमच्या कॉलेजात शिपाई भरतात, मुलं तोट्या फिरवतात आणि मी हात मागे बांधून उंटावरून शेळ्या हाकत टेबलांमधून हिंडतो. आता छत्तीस मुली बघत असताना मी घाईघाईनं ब्युरेट भरली. प्रयोगशाळेच्या म्हाताऱ्या मदतनिसानं मोठ्या दुःखानं समोशांची कढई उतरवली आणि आम्लाचा चंबू शेगडीवर ठेवला. अर्धे तळलेले समोसे तेलात तसेच मलूल पडून राहिले. मी तोटी फिरवली. थेंब, थेंब, थेंब, आणि गुलाबी.

तेरा पूर्णांक शून्य.

आता त्या खोलीत एका प्रयोगाची तीन उत्तरं होती आणि एक भिंतीवर रंगवलेलं होतं.

"देखिए सर," बाईंचा जीव भांड्यात पडला, "बारह चार तो आपका भी नहीं आया।"

"तीनों का औसत निकाल लीजिए साहब," मदतनीस कढईकडे बघत म्हणाला. "तेल ठंडा हो रहा है।"

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "सर, बुरा न मानें तो एक बात अर्ज़ करूँ?"

"बोल."

"नीचे बुलबुला रह गया था आपका।"

माझे कान तापले. तोटीखाली हवेचा बुडबुडा राहिला तर रीडिंग जास्त येतं, हे अकरावीच्या पहिल्या तासाला सांगतात. मीच सांगतो, दर वर्षी, दरडावून.

मी ब्युरेट परत भरली. बुडबुडा काढला, डोळा रेघेच्या पातळीत आणला. बारा पूर्णांक चार. पुन्हा केलं. बारा पूर्णांक चार! मी एवढ्यानं ओरडलो की दारावरचा शिपाई आत डोकावला. मला खरोखर आनंद झाला होता. पंचविशीत व्हायचा तसा, पोटातून. आकडा कोणी सांगितलेला नव्हता, तो माझ्या हातांतून आला होता, आणि काल एकटीनं थांबून हाच आकडा काढणारी एक पोरगी याच खोलीत होती. मी तिच्याकडे वळलो.

ती फायलीवरचा खोडरबराचा चुरा फुंकत होती. तीन ओळींत, सुबक अक्षरात, तीनदा नऊ पूर्णांक सहा.

"ये क्या किया? तुम सही थीं!"

"जी सर, वो तो मुझे मालूम था।" तिनं बाईंकडे एकदा पाहिलं. "मैम का मुँह उतर गया था, अच्छा नहीं लग रहा था। और नंबर भी तो इसी के मिलते हैं।"

पुढे करण्यासारखं काही उरलं नाही. मी खुर्चीत बसलो आणि तिच्या नावापुढे पेनानं एकोणतीस लिहिले. बाईंनी हरकत घेतली नाही. आता फाइल बरोबर आहे म्हटल्यावर त्यासुद्धा अठ्ठावीस तरी देणारच होत्या, असं त्या म्हणाल्या. पहिला वर्ग वाचला. शेगडीवर पुन्हा कढई चढली आणि मी एक समोसा खाल्ला. ऑक्झॅलिक आम्ल विषारी असतं हे माहीत असूनही खाल्ला.

फायलीवर सही घ्यायला ती मुलगी शेवटी आली. मी नऊ पूर्णांक सहाच्या खाली सही केली.

"सर, बी.एस्सी. का फ़ॉर्म मैं आपके ही कॉलेज में भरूँगी।"

"ज़रूर भरना," मी म्हणालो. मला बरं वाटलं.

"आपके यहाँ कौन-सी रीडिंग लिखवाते हैं?"

मी तिचा चेहरा नीट पाहिला. त्यात टोमणा नव्हता, खोडी नव्हती. चारबागला जाणारी बस कुठून मिळते हे विचारावं, तसं तिनं विचारलं होतं. खोटं बोलायला मला हवा तेवढा वेळ होता.

"दस दशमलव दो," मी म्हणालो.

"जी, शुक्रिया सर," ती म्हणाली, आणि फायलीच्या शेवटच्या पानावर तिनं तो आकडा लिहून घेतला.