तळ्याकाठचा अळू

अळू चिरायच्या आधी हाताला चिंच चोळली, की तिच्या वासानं मला पलूसला आजोळी पाळलेलं पांढरं मांजर आठवतं. मोठ्या लढाईवरून रजेवर आलेल्या मामांना ते तळ्याकाठी लाळ गाळत तोंड घासताना दिसलं आणि त्यांनी काठी उगारली, "पिसाळलंया! मागं सर, पोरी!" मी भोकाड पसरलं. मामीला मात्र काठावर अळूचं कुरतडलेलं पान दिसलं. तिनं शेजारचंच पान तोडून कचकन चावलं. "आवं, न्हाई पिसाळलं! अळू खाल्लंया त्येनं. माझीबी जीभ लय खाजाय लागली!" मामांच्या हातून काठी गळाली. मामीनं आधी मांजराला ताक पाजलं, मग स्वतः चिंच चोखली. माझ्याही घरी मांजर आहे, म्हणून दारात अळू लावत नाही. पण बाजारातल्या अळूनं जीभ जराशी खाजली, की मामी आठवते आणि बरं वाटतं.