शीलाचा ढावलो

अंजू राठोडला यवतमाळच्या एका जाहिरात कंपनीत नोकरी लागली, तेव्हा दिग्रसजवळच्या तिच्या बंजारा तांड्यात ते काम काय असतं हे कुणाला धड समजेना. "म्हणजे दुसऱ्याच्या दुकानाचं कौतुक तू करतं?" असं तिचे वडील फकिरा विचारायचे. "हो बा, अन् गाऊन करतो," असं अंजू हसत सांगायची.

नोकरी तिला जिवापाड आवडायची. गिऱ्हाईक म्हणजे एकेक नमुना. एकाला दुकानाचं नाव मोठं हवं, दुसऱ्याला त्याहून मोठं. जीव ओतून लिहिलेली ओळ 'जरा झटकेदार करा' असा शेरा मिळून परत यायची. डोकं उठायचं. पण दिग्रसच्या बसस्टँडवर उतरावं आणि समोरच्या रिक्षाच्या भोंग्यातून आपलाच आवाज ऐकू यावा, याची नशा काही औरच होती.

लग्नसराईच्या तोंडावर 'नवलाई वस्त्रालय'च्या मालकाने जाहिरातीच्या गाण्याच्या सगळ्या चाली नापास केल्या. अंजू वैतागून खिडकीशी उभी राहिली आणि नकळत काहीतरी गुणगुणली. कंपनीचे मालक संघदीप सर ताडकन उठले.

"हेच तर पाह्यजे होतं! कायचं गाणं आहे हे?"

"असंच सर, आमच्या तांड्यातलं," अंजू म्हणाली.

असंच! त्या एका शब्दासाठी तिने पुढे स्वतःला किती शिव्या घातल्या. तो ढावलो होता. तांड्यातली नवरी सासरी निघताना आईच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, तो. अंजूच्या आईला, रामीबाईला, तो तिच्या आईने शिकवला होता, आणि त्याच दिवसांत रामीबाई तो लग्न ठरलेल्या थोरल्या लेकीकडून, शीलाकडून, घोकून घेत होती. 'याडी, तुझं अंगण मागं राहिलं' असं जिथे नवरी आईला म्हणते, तिथे अंजूने 'चला, नवलाईत शालू घेऊ' बसवलं. लग्नाचंच गाणं लग्नाच्याच कपड्यांना लावलं, त्यात बिघडलं काय, अशी तिने मनाची समजूत घातली. खरं तर सरांची शाबासकी तिला सोडवत नव्हती.

जाहिरात तुफान चालली. भोंगा लावलेली रिक्षा दिग्रस, पुसद आणि मधल्या सगळ्या तांड्यांतून फिरली. रामीबाईने ती ओट्यावर बसून शेवटपर्यंत ऐकली. "आवाज चांगला लागला तुहा," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

शीलाच्या लग्नात निघायची वेळ झाली. जीप उभी होती. शीला आईच्या गळ्यात पडली आणि तिने सूर लावला. पहिली ओळ संपते न संपते तोच मांडवातली पोरं एका सुरात ओरडली, "चला, नवलाईत शालू घेऊ!" सगळा मांडव खो खो हसला. शीलालाही हसू फुटलं, आणि मग तिला पुढचं काही गाताच येईना. तिने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी ती मुकाट्याने जीपमध्ये बसली. रामीबाईचे हात तसेच पसरलेले राहिले. अंजूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने सरांना जाहिरात बंद करायला सांगून पाहिलं. सर ओशाळले, पण दुकानाच्या मालकाने ती पुढच्या हंगामासाठीही ठरवून टाकली होती. रामीबाई रागावली नाही. तिने ती चाल पुन्हा कधी तोंडात घेतली नाही.

परवा पुसदकडच्या सासरहून शीलाचा फोन आला.

"अंजू, त्या दिवशी रडायचं राहून गेलं न मायं. आज याडीची लई आठवण येऊन राह्यली. म्हणून पाहतो, तं दुकानच तोंडात येते. खरी ओळ म्हण न जराशी."

अंजूने डोळे मिटले, सूर धरला आणि गायला लागली. पहिली ओळ नीट आली. दुसऱ्या ओळीला तिच्या तोंडून शालूच आला.

पलीकडून शीला म्हणाली, "राहू दे," आणि रडायला लागली.