वीतभर फटका

मला स्वस्थ बसता येत नाही. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले, तेव्हाही आई म्हणायची, ही एका जागी बसली तर समजायचं ताप आलाय. म्हणून नवऱ्याच्या गुडघ्यांनी दगा दिल्यावर आमच्या कोलार रोडच्या घरात त्याची गोल्फची बॅग धूळ खात पडली, ती मीच उचलली. पन्नाशी उलटली होती. लोक हसले, मी हसू दिलं.

मैदानावर गेले आणि चिडायला नवी कारणं मिळाली. बायकांची स्पर्धा मंगळवारी सकाळी, म्हणजे नोकरी करणारी बाई आपोआप बाद. अठरा होल, म्हणजे पाच तास. घरी तान्हं मूल किंवा अंथरुणावरचं म्हातारं माणूस असेल ती बाद. सलवार-कुर्ता चालणार नाही. क्लबची सदस्य नसेल तिचा तर प्रश्नच नाही. मग वर्षानुवर्षं त्याच दहा-अकरा जणी आपापसात कप फिरवायच्या आणि वर म्हणायच्या, "लेडीज़ आती ही नहीं." आतून कडी लावून बसायचं आणि पाहुणे येत नाहीत म्हणून कुरकुरायचं, त्यातली गत.

मी पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही की दुसरं लिहायचे. महिला समितीच्या अध्यक्षबाई मला बघितलं की चहा मागवायच्या आणि म्हणायच्या, "आप पहले बैठिए तो सही." मी उभ्यानेच भांडले. तीन महिन्यांनी त्या कंटाळल्या असाव्यात. स्पर्धा रविवारी ठरली, नऊ होलांची. कपडे कुठलेही, फक्त पायात बूट हवेत. आणि एखाद्या सदस्य बाईने शिफारस केली तर बाहेरचीलाही खेळता येईल, असं ठरलं.

मी शिफारस कुणाची करणार हे पहिल्या पत्रापासून ठरलेलं होतं. आमच्या ग्रीनवरचं, म्हणजे होलच्या भोवतालच्या त्या बारीक गवतातलं तण काढायला अशोका गार्डन वस्तीतून एक बाई यायची. तिशीची असेल. काम आटोपलं की कुणीतरी टाकून दिलेल्या दोन काठ्या घेऊन ती कुंपणाजवळ एकटीच खेळायची. तिचा फटका बघून मला हेवा वाटायचा, तो मी लपवलाही नाही. तिच्या डोक्यात एकच होतं, इंदूरची स्पर्धा. तिथे नाव द्यायचं तर आधी एखाद्या स्पर्धेतलं नियमाने पुरं केलेलं कार्ड लागतं. ती रोज विचारायची, "दीदी, इंदौर का पक्का है ना?" मी रोज म्हणायचे, पक्का.

गोल्फमध्ये आपले फटके आपण लिहायचे नसतात. आपल्या कार्डावर जोडीदारीण लिहिते, आणि शेवटी दोघी सह्या करतात. तिची जोडीदारीण मीच झाले. तसं मीच लावून घेतलं होतं.

रविवारी ती धुतलेल्या कुर्त्यात आली, पायात नवे कॅनव्हासचे बूट. पहिले सहा होल तिने असे खेळले की मला माझे फटके मोजायचं भान राहिलं नाही. सातव्यावर मात्र एक सोपा फटका हुकला. आठव्यावर तिचा चेंडू होलपासून वीतभर अंतरावर थांबला. ती उकिडवी बसून उतार बघू लागली. बघतच राहिली. मागच्या जोडीतल्या दोघी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मला ते वीतभर अंतर सहन होईना.

आमच्या एरवीच्या घरगुती खेळात एक पद्धत आहे. चेंडू होलच्या इतका जवळ आला की समोरची म्हणते, "दिया," आणि चेंडू उचलून हातात देते. तो गेला असं धरायचं. स्पर्धेत हे चालत नाही. चेंडू आत पडलाच पाहिजे, नाहीतर खेळणारी बाद. हे मला पाठ होतं. तरी मी पुढे झाले, "दिया" म्हणाले आणि तिचा चेंडू उचलला.

"दीदी, वो..." ती उठत म्हणाली.

"चलो चलो, पीछे वाले खड़े हैं," मी म्हणाले आणि नवव्याकडे चालू लागले. मी मारलं, मग तिनेही मारलं. पुढच्या होलवर फटका मारला की मागची चूक सुधारता येत नाही; ती वेळ तिथे संपली. आठव्याच्या रकान्यात मी, तो फटका आत गेला असं धरून, पाच लिहिलं होतं.

टेबलाशी मी सही केली आणि पेन तिच्याकडे सरकवलं. तिने कार्ड वरपासून खालपर्यंत वाचलं. मग अध्यक्षबाईंना म्हणाली, "मैडम, आठवें पे बॉल अंदर नहीं गई थी. दीदी ने उठा ली."

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. त्यांना कधी नव्हे ती दया आली. "इतना सा ही तो बचा था. जाने दो, साइन कर दो."

"हां, कर दो," मीही म्हणाले. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

"नहीं मैडम," ती म्हणाली. "ये कार्ड लेकर मैं इंदौर नहीं जाऊंगी." आणि पेन टेबलावर ठेवलं. अध्यक्षबाईंनी कार्डावर तिरपी रेघ मारली.

ती बससाठी फाटकाकडे निघाली तशी मी मागून धावले. माफी मागितली. म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा लिहीन, पुन्हा भांडेन. ती ऐकत चालत होती. फाटकाशी थांबली.

"दीदी, एक बात बताओ. आपको लगा, मुझसे वो बॉल अंदर नहीं जाएगी?"

ही खेळू शकते, असं मी तीन महिने प्रत्येक पत्रात लिहिलं होतं. आणि त्या वीतभर अंतरावर मला वाटलं होतं की हिला जमणार नाही.

"हां," मी म्हणाले. "लगा था."

तिने मान हलवली. "चली जाती," ती म्हणाली, आणि बस आली.