एका भिंतीचे शेजारी

विज्ञानामुळे माणसं जवळ येतात, हे आमच्या शेजारच्या काकांच्या बाबतीत खरं ठरलं, तेही चुकून. भवानी पेठेत आमची घरं एकाच भिंतीला लागून. त्यांची हयात यंत्रमागावर गेली, त्यामुळे ते ओरडूनच बोलत. कोरोनाच्या टाळेबंदीत ते घरात एकटे होते. रोज सकाळी फोनमधलं सरकारी अॅप उघडून मोठ्याने वाचत, "तुम्ही सुरक्षित आहात," आणि त्यालाच उत्तर देत, "व्हय बाबा, पण बोलायला कोण न्हाय की."

पुढे तपासणीत मी बाधित निघालो. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला, "बाधित मानूस जवळ येऊन गेला म्हंतंय ह्ये अॅप! कोण आलतं?" आवाजात भीती नव्हती, उत्सुकता होती. महिनाभरात त्यांच्याकडे कोणीच आलं नव्हतं.

मी फोन केला. "काका, तो मीच. माझी कॉट भिंतीच्या अलीकडे, तुमची पलीकडे. अॅप फक्त दोन फोनमधलं अंतर बघतं, त्याला भिंत कळत नाही. तुमची कॉट जरा सरकवा."



"ऱ्हाऊ द्या की, मास्तर. तेवढंच कोणतरी जवळ हाय."

त्यांनी कॉट हलवली नाही. मीही नाही.

भिंत नऊ इंचांची आहे.