मशीन थांबलं, तेवढंच ठेव

मीरा, निखिल,

दादाआजोबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गहू निवडत होते. फोन ठेवला आणि राहिलेले गहू निवडून डबा भरला. तीन आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही... आज लिहिते, कारण परवा माझ्या या भावाची खोली आवरायची आहे आणि तिथलं शिलाई मशीन कुणाचं, हे सांगणारी आता मीच उरले.

चाळीसच्या दशकात आमच्या गावी, कुरुंद्यात, दादा भयकथा लिहायचा, पुण्याच्या एका मासिकात त्या छापून यायच्या. मी हैदराबादला इंग्रजी शिकलेली, अक्षर नेटकं, म्हणून सुट्टीत स्वच्छ प्रत मी करायचे. ती प्रत दादा शेजारच्या यासीनचाचांच्या दुकानात मोठ्याने वाचायचा. चाचा शिवत ऐकायचे. ज्या वाक्याला त्यांचे पाय थांबत, ते वाक्य राहायचं. मशीन चालूच राहिलं, तर पेन्सिलीने काट.

एकदा मी शहाणपणा केला. त्याच्या गोष्टीत बंद घरातली चूल रोज गरम सापडे, एवढंच होतं. मी वाचलेल्या इंग्रजी गोष्टींत शेवटी भूत दिसायचं, म्हणून मी प्रतीत पांढऱ्या साडीतली बाई आणली. दादा वाचत तिथवर आला आणि थांबलेलं मशीन खडखडू लागलं.

"काहून हो चाचा?"

"भूत आलं अन् भ्याव गेलं की! तिचं पोलकं कोन्या शिंप्यानं शिवलं, तेच पाहून राहिलो मी."

दादा हसला नाही. "सुमे, चूल गरम हाय, एवढंच सांग. पेटवली कोनं, ते वाचणाऱ्याला घरी घेऊन जाऊ दे."

१९४८ला निजामाचं राज्य पडलं, त्या धामधुमीत आम्ही काही आठवडे वाशीमला मावशीकडे होतो. तिथे दादाने एक गोष्ट लिहिली. संपादकांची दोन पत्रं आली, तरी म्हणाला, "आधी चाचाला वाचून दाखवतो." परतलो तर दुकानाचं दार उघडं. सुईखाली अर्धी शिवलेली बाही. चाचा कुठे गेले, हे दादा घरोघर विचारत फिरला. लोक हळदीच्या पिकाचं बोलायचे, पावसाचं बोलायचे...

त्याने मशीन घरी आणलं. "येतील तवा गंजलेलं नको." दर शुक्रवारी तेल घालायचा. ती गोष्ट पाठवली नाही, दुसरी लिहिली नाही. मला वाचून दाखव, असं मी एकदा म्हटलं.

"तू कुठं शिवतीस?" म्हणाला.

काल शुक्रवार होता. त्याच्या खोलीत जाऊन तेल मी घातलं, चाक फिरवलं नाही. बाही सुईखाली आहे. गोष्ट मशीनच्या खणात आहे, एकही काट नसलेली.