जयसिंगचं काळं पान

"चेंडूला पेठ न्हाय, पावणं." जयसिंग हे वाक्य भेटेल त्याला ऐकवायचा. पानपट्टीवर, दवाखान्यात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत नवरदेवालासुद्धा.

शिवाजी पेठेतला हा माणूस तरुणपणी पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा पट्टीचा गोलकीपर. गुडघा गेला आणि हातात खडू आला. तालमीच्या दाराशेजारी काळा फळा होता. सामना संपला, की जयसिंग त्यावर हकिकत लिहायचा. संध्याकाळ मैदानावर उतरते तशी त्याची अक्षरं सावकाश उतरायची. कितीतरी वर्षं पेठेनं आपलं हरणं-जिंकणं त्याच्या हातचं वाचलं. त्याला बायको-पोरं नव्हती. दोन्ही वेळचं जेवण बहिणीकडं, आक्काकडं.

२००८ साली उपांत्य सामना तालमीच्या संघानं एका गोलनं जिंकला. गोल मारला पृथ्वीराजनं, आक्काच्या थोरल्यानं. जयसिंगनं फळ्यावर लिहिलं, 'चेंडू आधी हाताला लागला. पंचांना दिसलं नाही, मला दिसलं.' दिवे लागायच्या आत फळा ओल्या फडक्यानं पुसला गेला. खडूचा डबाही नाहीसा झाला.

दुसऱ्या दिवशी जयसिंग तालमीसमोरच्या सोमेशच्या नेट कॅफेत शिरला. ब्लॉग म्हणजे स्वतःचा फळा, कुणीही कुठनंही वाचावा असा, एवढं त्याला सोमेशनं समजावलं होतं. हकिकत टाइप झाली. मग पडद्यावर रंगीत चौकटी उघडल्या.

"थीम निवडा, काका. थीम म्हंजे पानाचं कपडं. जरा बिगीनं, सहाला लाईट जातीय."

जयसिंग पुढं वाकला. पहिली चौकट हिरवी. तो हरलेल्या संघाचा रंग; लोक म्हणणार, माणूस विकला गेला. निळा अंतिम सामन्यात समोर येणाऱ्यांचा. लाल नदीकडच्या पोरांचा. पिवळा त्याच्याच तालमीचा. तो लावला तर पेठेबाहेर कोण विश्वास ठेवणार?

"नंतर बदलता येतंय की," सोमेश घड्याळाकडं बघत म्हणाला.

"पयल्यांदा अंगावर बघितलेली जर्सी मानसं इसरत न्हाईत."

तेवढ्यात दार ढकलून पृथ्वीराज आत आला. मागं तालमीतले दोघं. सोमेशनं टेबलावरचा चहाचा ग्लास हळूच उचलून कपाटात ठेवला.

रोज संध्याकाळी पृथ्वीराज मामाला मोटरसायकलवरनं घरी जेवायला न्यायचा. आजही किल्ली त्याच्या हातात होती, पण मूठ आवळलेली होती.

"मामा, लिवा काय लिवायचं ते. पर रंग आमचा लावा. पिवळ्यावर लिवलं तर घरचं भांडान म्हनू. दुसरा लावला तर तालमीचं दार बंद."

"आन् आक्काचं?"

"त्या दारात बी मीच असतोय की."

जयसिंगनं माऊसवर हात ठेवला. बाण पिवळ्या चौकटीवर गेला आणि तिथंच थांबला. मागच्या एकानं सुस्कारा सोडला. मग बाण सरकायला लागला, खाली, आणखी खाली, पार शेवटच्या ओळीत. काळं पान, पांढरी अक्षरं.

"ही तर श्रद्धांजलीची पाटी!" मागचा बोलला.

"ह्यो कुनाचा रंग, मामा?"

"तुमच्याच दारातला हाय. रोज त्याला टेकून बसता की."

सोमेशनं मजकूर चिकटवला. शेवटचं बटण जयसिंगनं स्वतः दाबलं. पान उघडलं. भाच्याचं नाव, हात, चेंडू, सगळं पांढऱ्यात. थोड्या वेळानं लाईट गेली, पडदा विझला. पण पान आता सोमेशच्या दुकानात राहिलंच नव्हतं.

जयसिंग गुडघ्यावर हात दाबून उठला.

"मामा, गाडीवर बसा," पृथ्वीराजच्या तोंडातनं सवयीनं निघून गेलं.

जयसिंगनं नाही म्हणून मान हलवली. पायऱ्या उतरला. पुसलेल्या फळ्यासमोरनं लंगडत पुढं गेला. आक्काच्या गल्लीचं वळण आलं, तिथं वळला नाही, सरळ गेला. पृथ्वीराज किल्ली धरून दारात उभा होता. मामा गर्दीत दिसेनासा झाला, तरी तो त्याच बाजूला बघत राहिला.